आधी सोसा, मग दाद मागा : अटकेतील बळ आणि स्वसंरक्षणाचा हक्क

'स्वसंरक्षण' हा शब्द आपल्या कानावर पडतो तो बहुधा पोलिसांच्या बाजूने. पोलिसाच्या गोळीने माणूस मेला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात 'पोलिसांनी स्वसंरक्षणार्थ गोळीबार केला' हे ठरलेले वाक्य छापून येते. उलट, धरायला आलेल्या शिपायाचा हात वस्तीतल्या एखाद्या पोराने झटकला, तर त्याच्या वाट्याला हा शब्द येत नाही. त्याच्यावर 'सरकारी कामात अडथळा' लागतो. म्हणजे दंड संहितेचे जुने कलम ३५३, आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १३२. अक्षरओळख नसलेल्या आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही 'तीनशे त्रेपन्न' हा आकडा पाठ आहे. स्वसंरक्षणाच्या कलमांचा आकडा मात्र मी वर्गात विचारतो तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांनाही सांगता येत नाही. एका समाजाला कायद्याची कोणती बाजू भेटत आली आहे हे कळण्यास एवढे पुरे आहे.

वास्तविक ही कलमे दोघांना एकच आहेत. गोळी झाडणाऱ्या पोलिसासाठी कायद्याने स्वसंरक्षणाचा कोणताही निराळा परवाना दिलेला नाही. तुम्हाआम्हाला जो हक्क आहे तोच त्याला आहे, आणि त्याच मापाने मोजावयाचा आहे. मग व्यवहारात एवढी तफावत का पडते? चळवळीतले आपले कार्यकर्ते याचे उत्तर 'व्यवस्थाच तशी आहे' असे एका वाक्यात देतात. ते उत्तर खोटे नाही. परंतु त्या उत्तराने ठाण्याच्या दारात उभ्या असलेल्या आईला काही उपयोग होत नाही. तेव्हा ही व्यवस्था कायद्याच्या कोणत्या फटीतून आत शिरते, ते नीट पाहिले पाहिजे.

प्रथम अटकेविषयी. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे नियम कलम ४६ व ४९ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४३ व ४६ या क्रमांकांखाली आले. आशय बहुतेक तोच आहे. माणूस शब्दाने किंवा कृतीने स्वाधीन झाला नाही, तर पोलिसाने त्याच्या अंगास स्पर्श करून किंवा त्याला अडवून अटक करावयाची. त्याने बळाने विरोध केला किंवा निसटू पाहिले, तर अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधने वापरावयाची. मात्र ज्याच्यावर फाशीच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, अशा माणसाचा जीव घेण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही. आणि पळून जाऊ नये एवढ्यासाठी जेवढे लागेल त्याहून अधिक त्याला जखडता येत नाही.

येथे कळीचा शब्द आहे 'आवश्यक'. आवश्यकता विरोधाबरोबर सुरू होते आणि विरोधाबरोबर संपते. माणूस हात जोडून उभा राहिला, जमिनीवर पडला, गाडीत बसला, की त्यानंतर पडणाऱ्या पहिल्या फटक्याला कायद्यात आधार उरत नाही. 'धडा शिकविण्यासाठी' किंवा 'तोंड उघडण्यासाठी' मारण्याची तरतूद कोणत्याही संहितेत नाही. कबुली काढण्यासाठी इजा करणे हा तर इंग्रजांच्या काळापासून स्वतंत्र गुन्हा आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि जबर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लोकांना हे माहीत नसते. 'पोलीस म्हटल्यावर मारणारच' असे मार खाणाराच म्हणतो, यात मला या व्यवस्थेचा मोठा विजय दिसतो.

आता स्वसंरक्षणाकडे वळू. १८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा जो मसुदा केला, त्याच्या टिपणात एक मनोरंजक गोष्ट आहे. या देशातले लोक अन्याय फार मुकाट्याने सोसतात, दरोडेखोरापुढेही हात वर करीत नाहीत, म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क सढळ ठेवून त्यांच्यात थोडी हिंमत जागवावी, अशा अर्थाचा तो युक्तिवाद आहे. राज्यकर्त्याने प्रजेला प्रतिकार करण्यास उत्तेजन द्यावे, हे वाचून पहिल्यांदा मला हसू आले. १८६० साली संहिता झाली आणि शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये खरोखरच विस्ताराने आला. पण याच कलमांच्या मधोमध कलम ९९ बसलेले आहे. आज न्याय संहितेत ते कलम ३७ आहे.

हे कलम काय सांगते? लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने, सद्भावाने काही कृती करीत असेल आणि त्या कृतीमुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटत नसेल, तर ती कृती कायद्याच्या काटेकोर दृष्टीने समर्थनीय नसली तरी तिच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क नाही. चोर समोर आला तर हात उचला. शिपाई चुकीने आला तरी उचलू नका. यामागचा विचार उघड आहे. प्रत्येक अटकेच्या वेळी कायदेशीर काय नि बेकायदेशीर काय याचा निकाल रस्त्यावर काठ्यांनी लागू नये; आज मुकाट्याने चला, उद्या न्यायालयात दाद मागा, चूक पोलिसाची असेल तर तुम्हाला न्याय मिळेल. हा राज्याने नागरिकाशी केलेला सौदाच आहे. सौदा म्हणून तो मला अगदीच अन्याय्य वाटत नाही. कोणत्याही सुव्यवस्थित राज्याला अशी काही रेघ ओढावीच लागेल. मात्र या सौद्याचा अर्धा भाग 'उद्या' नावाच्या गोष्टीवर उभा आहे. ज्याला उद्या न्यायालयात जाता येते, त्याला आज सोसण्याचा मोबदला मिळतो. ज्याच्या वाट्याला हा उद्या येतच नाही, त्याच्यापुरते हे कलम 'सोसा' एवढ्यावरच संपते. आणि 'सोसा' हा आदेश आपल्याला ऐकविण्यासाठी मेकॉलेची गरज नव्हती. तो गावानेच पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला आहे.

तरीही कलमाच्या चौकटीत ज्या फटी ठेवलेल्या आहेत त्या समजून घेतल्या पाहिजेत. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर पोलिसाविरुद्धही हक्क शाबूत राहतो. समोरचा पोलीस आहे हे माहीत नसेल आणि माहीत असण्यास कारणही नसेल, तरी राहतो. रात्री गणवेशाशिवाय दार फोडून येणाऱ्यांच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे. कृती सद्भावाची नसेल तरी राहतो. कायद्याच्या भाषेत योग्य काळजी व लक्ष न देता केलेली कोणतीही गोष्ट सद्भावाची ठरत नाही. मग बेड्या घातलेल्या माणसाला मारणे सद्भावाचे कसे ठरेल? मात्र एक मर्यादा विसरू नये. हक्क असला तरी तो बचावास लागेल तेवढ्याच बळाचा आहे, आणि धोका टळला की तोही संपतो.

आणि 'जबर दुखापत' म्हणजे काय हे पाहिले की यातली खरी अडचण कळते. हाड किंवा दात मोडणे, डोळा वा कान कायमचा जाणे, चेहरा विद्रूप होणे, जिवाला धोका होणे किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होणे (जुन्या संहितेत वीस दिवस होते) असे तिचे ठराविक प्रकार आहेत. थोबाडीत मारणे त्यात नाही. केस धरून ओढणे त्यात नाही. आई-बहिणीवरून, जातीवरून शिव्या देत वस्तीसमोर फरफटत नेणे त्यात नाही. जातीवाचक शिवीसाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा पोलिसालाही लागू आहे, हे खरे. परंतु तो गुन्हा बहुधा त्याच ठाण्यात नोंदवावा लागतो. म्हणजे ज्या अपमानाविरुद्ध आपली सगळी चळवळ उभी राहिली, तो अपमान होत असताना हात उचलण्याचा हक्क कायदा देत नाही. तो पुन्हा उद्याकडेच बोट दाखवितो.

माझ्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. मिरवणुकीनंतर झालेल्या बाचाबाचीवरून त्याला घरातून उचलले. आई आडवी आली, तिला ढकलले, याने शिपायाचा हात धरला. एवढ्यावर अडथळ्याचे कलम लागले. ते अजामीनपात्र आहे. चार दिवसांनी जामिनावर सुटून आला तेव्हा त्याच्या पाठीवर वळ होते. मी न्यायालयाचा रोजनामा काढून पाहिला. दंडाधिकाऱ्यांपुढे उभे केल्यानंतरची नोंद होती : 'आरोपीस पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.' मी त्याला विचारले, 'तू असं सांगितलंस?' तो म्हणाला, 'सर, ज्यानं मारलं तोच माझा दंड धरून उभा होता. आणि रात्री परत त्याच्याकडंच जायचं होतं.' पुढे तो तलाठी भरतीच्या यादीत आला, तेव्हा चारित्र्य पडताळणीत या प्रकरणाची नोंद निघाली. खटला अजून उभा राहिलेला नाही. शिक्षा मात्र सुरू झालेली आहे.

'तक्रार नाही' हे दोन शब्द किती महाग पडतात, ते परभणीने दाखविले. १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या आंदोलनाला हिंसक वळण लागल्यावर वस्त्यांत शिरून धरपकड झाली. धरलेल्यांत वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक इजांमुळे आलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की, दंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्याने मारहाण झाली नसल्याचे उत्तर दिले होते. मेलेल्या माणसाचे कोठडीतले उत्तर त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभे केले गेले! पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवा, हा आदेश उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून मिळण्यास जुलै २०२५ उजाडला, आणि तोही त्याच्या आईने दाद मागितली म्हणून. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे त्याच महिन्यात आदेश कायम राहिला. नुसता गुन्हा नोंदविण्यासाठी एवढे करावे लागले. शिक्षा हा त्यापुढचा विषय.

आता दुसऱ्या बाजूने हेच पाहा. विरोध केला तर अडथळ्याचा गुन्हा होतो. नाही केला तर? याचेही उत्तर महाराष्ट्रातच मिळालेले आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा चांदा जिल्हा, आज गडचिरोली) एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. तिच्याबरोबर आलेल्यांना बाहेर पाठवून तिला आत ठेवून घेतले होते. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, म्हणजे प्रतिकार नाही. प्रतिकार नाही म्हणजे संमती, असे ते तर्कशास्त्र होते. चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि १९८३ साली पुरावा कायद्यात नवे कलम आले. ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ते कलम. कायद्याच्या ग्रंथांत तो खटला आजही हवालदाराच्या नावाने आहे, 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. असो.

माझा मुद्दा त्या कलमाविषयीचा आहे. ठाण्याच्या चार भिंतींत काय घडले याचा पुरावा आतल्या माणसाजवळ नसतो, तो पोलिसांजवळच असतो. म्हणून सिद्ध करण्याचा भार फिरविला पाहिजे, हे तत्त्व १९८३ साली एका प्रकारच्या अत्याचारापुरते मान्य झाले. मारहाणीचे काय? १९८५ साली उत्तर प्रदेशातील एका कोठडीमृत्यूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच या भाराचा फेरविचार सुचविला. त्याच वर्षी विधि आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात शिफारस केली की, पोलिसांच्या ताब्यात असताना माणसाला इजा झाल्याचा पुरावा असेल, तर ती त्या पोलिसानेच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे. पुढे २०१७ च्या २७३ व्या अहवालातही ती शिफारस आली. २०२३ साली पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हाही हे कलम त्यात घातले गेले नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपल्या देशाने १९९७ साली सही केली आहे. त्याला मान्यता देऊन स्वतःला बांधून मात्र घेतलेले नाही. फौजदारी कायद्यांचे नाव बदलून झाले, वसाहतवाद गेला अशी भाषणे झाली, आणि नेमकी ही फट तशीच ठेवली गेली. हे विसरण्याने झाले, असे मी मानीत नाही.

पोलिसाच्या स्वसंरक्षणाचा प्रश्नही याच भाराशी जोडलेला आहे. स्वसंरक्षणाचा बचाव घेणाऱ्या आरोपीने तो निदान संभाव्य आहे एवढे तरी दाखविले पाहिजे, असा नियम आहे. परंतु त्यासाठी आधी त्याने आरोपी असावे लागते. चकमकीनंतर प्रथम खबर नोंदविली जाते ती मेलेल्या माणसाविरुद्ध, पोलिसांच्या खुनाचा प्रयत्न केला म्हणून. आणि आरोपी मृत असल्याने तो खटला तेथेच मिटतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या चकमकींसंबंधीच्या याचिकेवर सोळा निर्देश दिले. चकमकीचा तपास ठाण्याबाहेरच्या यंत्रणेने करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, हे त्यांतले प्रमुख.

यातून एक प्रकरण शेवटापर्यंत गेले, ते कसे गेले हे पाहण्यासारखे आहे. ११ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत रामनारायण गुप्ता ऊर्फ लखन भैया पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ती अटक करताना झालेली चकमक होती. परंतु त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलून नेल्याचे कळताच त्याने त्याच दुपारी अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स केले होते. चकमक संध्याकाळची, कागदावरची वेळ तिच्याआधीची. २०१३ साली तेरा पोलिसांना जन्मठेप झाली. ज्या बड्या अधिकाऱ्याची सुटका झाली होती त्यालाही मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने दोषी ठरविले. मधल्या काळात, २०११ साली, मुख्य साक्षीदाराचा साक्षीच्या काही दिवस आधी खून झाला. भाऊ वकील असूनही सतरा वर्षे लागली. ज्याचा भाऊ वीटभट्टीवर असतो त्याचे काय होते, हे सांगावयास नको. देशाच्या लोकसंख्येत अनुसूचित जाती २०११ च्या जनगणनेनुसार १६.६ टक्के आहेत; तुरुंगात खटल्याची वाट पाहत बसलेल्यांत मात्र त्या सुमारे पाचव्या हिश्श्याने आहेत.

तेव्हा अटकेच्या प्रसंगी आपले स्वसंरक्षण कोठे आहे? हातात ते फारच थोडे आहे. ते कागदावर आणि घड्याळावर आहे, असे मी अनुभवाने म्हणतो. संविधानाचे अनुच्छेद २२ हे डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे आणले, ते अटकेच्या बाबतीत विधिमंडळाला फार मोकळीक राहिली आहे या टीकेची भरपाई म्हणून. अटकेचे कारण सांगणे, वकील, चोवीस तासांत दंडाधिकारी, या तीन गोष्टी त्यात आहेत. १८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाने त्यात भर घातली आणि पुढे ती संहितेत आली. पोलिसाच्या अंगावर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो जागेवर हवा, नातेवाइकाला कळविले पाहिजे, वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे आणि तिची प्रत अटक झालेल्याला मिळाली पाहिजे.

त्या मेमोवर कुटुंबातल्या माणसाची किंवा 'परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची' सही लागते. या शब्दावर मी पुष्कळ विचार केला आहे. खेड्यात प्रतिष्ठित कोण? बहुधा तोच, ज्याच्या फिर्यादीवरून पोराला धरलेले असते. पण कायद्याने हा शब्द कोणाच्या नावावर करून दिलेला नाही. महाविद्यालयाचा अध्यापक प्रतिष्ठित आहे. शाळामास्तर आहे, ग्रामसेवक आहे, बँकेतला कारकून आहे. आपल्यातून शिकून पुढे गेलेली एक पिढी आज अशा जागांवर बसली आहे आणि वस्तीत धरपकड झाली की दार लावून घेते. नोकरीची भीती आहे, मला ती परकी नाही. माझ्या वडिलांना चौकीवरून बोलावणे आले की आमच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नसे. परंतु त्या सहीसाठी मोर्चा काढावा लागत नाही. अटकेची वेळ बरोबर लिहिली आहे का हे पाहून खाली नाव लिहावयाचे असते, एवढेच.

विद्यार्थ्यांना मी आता पुढील गोष्टी तोंडपाठ करावयास लावतो. अटक होताना अंगाला अंग भिडवू नका. मोठ्याने, चार लोकांना ऐकू जाईल असे म्हणा, 'मी येतो, मला मारू नका.' शब्दाने स्वाधीन झालो याचे साक्षीदार तेथेच तयार होतात आणि त्यानंतरच्या बळाचे 'आवश्यक' हे नाव निघून जाते. घरातल्याने लगेच वेळ घालून जिल्हा अधीक्षकांना आणि मानवी हक्क आयोगाला ईमेल, जे जमेल ते पाठवावे. मजकूर दोन ओळींचा पुरे. डॉक्टरपुढे शिपायाला बाहेर थांबण्यास सांगा अशी विनंती करा, ती नाकारली तर तेही कागदावर आणा. दंडाधिकाऱ्यांपुढे तोंडाने सांगण्याचे धैर्य झाले नाही, तर वकिलामार्फत लेखी अर्ज द्या आणि तो रोजनाम्यात नोंदला का ते पाहा. आणि वेळ दवडू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ खाली कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्यांविरुद्ध कारवाईला सहा महिन्यांची मुदत आहे, शासनाची परवानगी मिळाली तर दोन वर्षांची. त्याशिवाय खटल्यासाठी शासनाच्या पूर्वपरवानगीची अट पुढे केली जाते, ती निराळीच. मारहाण हा कर्तव्याचा भाग होऊ शकत नाही, हे प्रत्येक वेळी नव्याने सांगत बसावे लागते.

ज्याच्याविषयी वर लिहिले त्या मुलाच्या वकिलाने आता रोजनाम्यातल्या त्या नोंदीविरुद्ध प्रतिज्ञापत्र दिले आहे. सोबत सुटकेच्या दिवशीचा सरकारी रुग्णालयातला केसपेपर जोडला आहे; पाठीवरचे वळ त्यात मोजून लिहिले आहेत, सात. पुढची तारीख पडली आहे.